कोर्लईच्या धक्क्यावरची मांजरं: १ जूनच्या आत काय करता येईल?

पाणकणीस:

नमस्कार मंडळी. एप्रिलचा शेवटचा रविवार, पोरांच्या परीक्षा संपलेल्या, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या रो-रोत गाडी चढवली आणि मांडव्याला उतरलो. मी, नवरा, नणंद आणि तिघं मुलं. अलिबागला कुलाबा किल्ल्यात जायचा बेत होता, पण भरतीचं पाणी चढलेलं. ओहोटीची वाट बघत उन्हात बसण्यापेक्षा पुढे रेवदंडा, साळावचा पूल ओलांडून कोर्लई गाठलं. किल्ल्याबद्दल आणि दीपगृहाबद्दल इथे आधी बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते सोडते. धागा मांजरांचा आहे.

किल्ल्यावरून उतरून होड्या लागतात तिथे आलो. बायका मांदेली, ढोमे, कोलंबी निवडत बसलेल्या आणि प्रत्येकीच्या पाठीमागे आपापलं मांजर. आपापलं म्हणजे अगदी ठरलेलं. एका पिवळ्या बोक्याने शेजारच्या टोपलीकडे नुसती मान वळवली, तर तिथल्या करड्या मांजरीने त्याला असा दम भरला की गडी गुपचूप जागेवर. चिरडलेली, तुटलेली मासळी बायका न बघता मागे भिरकावत होत्या आणि ती जमिनीला लागायच्या आत गायब होत होती. आमच्या पोरांना किल्ल्यापेक्षा यातच जास्त रस.

एक तिरंगी मांजर मात्र वर ओढलेल्या होडीच्या सावलीत नुसती बसून होती. तोंडातून वीतभर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) लोंबत होता आणि खालचा ओठ सुजून एका बाजूला खेचल्यासारखा झालेला. समोर मासळी पडली की वास घ्यायची, तोंड उघडायला जायची आणि मागे सरायची. टोपलीवाल्या मावशी म्हणाल्या, "दोन दीस झालं, काय खात नाय ती. शनवार-रविवारचे लोक येतात ना खडकावर गरवायला, त्यांचा गळ."

पकडली मावशींनीच. फाटक्या जाळ्याचा तुकडा वरून टाकला, मासळीच्या क्रेटमध्ये सरकवली, वर दुसरा क्रेट उपडा आणि सुतळी. आमच्या यजमानांनी मध्ये हात घालून हातावर दोन लाल रेघा मिळवल्या. अलिबागला एका दवाखान्यात फोन केला तर "भटक्यांचं रविवारी बघत नाही" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या डॉक्टरांनी जेवण अर्धवट टाकून दवाखाना उघडला. भुलीचं इंजेक्शन दिलं, गळाचं टोक ओठातून आरपार पुढे काढलं, टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने कापला आणि मग उरलेला दांडा आला तसा मागे काढून घेतला. तंगूस पोटात गेला नव्हता, हे नशीब. मग तिला कुशीवर वळवून ते म्हणाले, "हिला दूध आहे. पिल्लं कुठेयत?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे. शेवटची बोट आम्हाला मिळणार नव्हती हे तेव्हाच कळलं. मांजर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबलो आणि उजेड असताना परत कोर्लईला. क्रेट उघडल्यावर ती सरळ एका जुन्या होडीत उडी मारून जाळ्यांच्या ढिगाखाली शिरली. तिथे चार पिल्लं. डोळे उघडलेले, चाल झोकांड्या खाणारी. आम्ही रात्री रस्त्याने पेण-पनवेल करत घरी आलो.

आता प्रश्न. मावशी सहज बोलून गेल्या की १ जूनला मासेमारी बंद झाली की धक्क्यावर मासळी नाही, "मंग पावसात अर्धी जगतात". हे ऐकल्यापासून डोकं भणभणतंय. पिल्लं मुंबईला आणावीत का? आईची नसबंदी कधी करता येते? बाकीच्या मांजरांचं काय? तिथे अशा कामाचा कोणाला अनुभव आहे का?

भरली_वांगी:

वाचतेय. तिरंगीचा फोटो टाका ना. आणि बोट चुकवून परत गेलात त्याबद्दल तुमच्या यजमानांना माझ्याकडून एक चहा.

गुरांचा_डॉक्टर:

पाणकणीस, त्या अलिबागच्या डॉक्टरांनी अगदी पद्धतशीर काम केलं. गळ आला त्या वाटेने मागे ओढायचा नसतो, उलट्या काट्याने मांस फाटतं. आणि इतरांसाठी: मांजराच्या तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका आणि मुळाशी कापूही नका. दोरा पोटात गेला असेल तर ओढल्यावर आतडं दोऱ्यावर गोळा होऊन चिरलं जातं. आणि मुळाशी कापलात तर डॉक्टरला पकडायला टोक उरत नाही.

तिरंगी म्हणजे जवळपास नक्कीच मादी. काळा आणि पिवळा हे रंग एक्स गुणसूत्रावरून ठरतात, दोन्ही एकत्र दिसायला दोन एक्स लागतात. पिवळे मात्र बरेचसे बोके असतात, तुम्ही पाहिलात तसा.

आता नसबंदी. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची दिसतात तुमच्या वर्णनावरून. सहा-सात आठवड्यांची झाली की ती स्वतः खातात, तेव्हा आईचं ऑपरेशन करता येईल. म्हणजे मेचा तिसरा-चौथा आठवडा. त्यापुढे थांबू नका. अंगावर पिल्लं पीत असताना मांजर पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिचे दिवस भरायला नऊ आठवडे पुरतात. मेमध्ये राहिली तर जुलैच्या भर पावसात पुन्हा चार पिल्लं, आणि धक्क्यावर खायला काही नाही.

यजमानांच्या हाताचं काय केलंत ते लिहिलं नाही तुम्ही.

पाणकणीस:

डेटॉल लावलं. नुसतं ओरखडलंय हो.

गुरांचा_डॉक्टर:

रक्त आलं होतं का? "लाल रेघा" म्हणजे आलंच असणार. लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला हवं होतं. ते झालं नसेल तरी आज सरकारी रुग्णालयात पाठवा, रेबीजची लस तिथे मिळते. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दंडात दिली तर १४ व्या दिवशी आणखी एक. रक्त निघालेल्या ओरखड्याला लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) देतात, ते तिथले डॉक्टर बघतील. मांजर पाळीव दिसत होती, गरीब होती, या सबबी रेबीजला कळत नाहीत.

पाणकणीस:

पाठवते. आत्ता क्रिकेट बघतोय, मॅच अर्ध्यावर सोडवून पाठवते.

आजीचा_बटवा:

ओठाची सूज उतरायला हळद-तूप लावा. ताप असेल तर लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं औषध असतं ना, त्याचे दोन थेंब दुधातून द्यायचे. आमच्याकडे कुत्र्याला दिलं होतं, काही झालं नाही.

गुरांचा_डॉक्टर:

कृपया हे कोणीही करू नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवायला जे विकर लागतं ते तिच्या यकृतात पुरेसं नसतं. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, श्वास लागतो आणि मांजर मरतं. माणसाच्या गोळीचा तुकडासुद्धा पुरतो. तसंच कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे परमेथ्रिनचे थेंब आणि पावडरी, त्याही मांजराला नाहीत. "कुत्र्याला दिलं होतं" हे वाक्य ऐकून मी माझ्या दवाखान्यात बरीच मेलेली मांजरं पाहिलीत.

दुधाचंही तेच. मोठ्या मांजराला गाईचं दूध बहुधा पचत नाही, ढाळ लागतात. पिल्लांना तर मुळीच नको.

आजीचा_बटवा:

बरं बाई. दूध पिणारं मांजर म्हणजे काय ते आमच्या पिढीला माहीत होतं, तुमच्या पिढीला ढाळ दिसतात.

खाडीपलीकडचा:

मी साळावच्या बाजूचा, घरात अजून होडी आहे. एरवी इथे वाचून जातो, आज लिहावं वाटलं.

पहिली गोष्ट, ती मांजरं अनाथ नाहीत. होडीवर, जाळ्यांच्या खोपीत मांजर लागतंच. उंदीर एका रात्रीत जाळ्याची चाळण करतात आणि जाळं आज काय भावाने येतं ते विचारू नका. म्हणून मावशींना "तुमची मांजरं" म्हणालात तर त्या हसतील, पण रोज वाटणी टाकतात. तुम्ही पाहिलीत ती जागेची शिस्त बायकांनीच लावलेली आहे. दुसरीच्या टोपलीकडे गेलं की पाणी पडतं अंगावर.

दुसरी, बंदीबद्दल. १ जून ते ३१ जुलै बंदी यांत्रिक नौकांना आहे. बिगर-यांत्रिक होड्यांना नाही, पण जूनच्या उधाणात त्या घेऊन कोण जातंय. खाडीत थोडं पागतात, तेवढंच. नारळी पौर्णिमेपर्यंत आमच्या घरीसुद्धा सुकट नि सुके बोंबील, तेही डब्यात घट्ट. मांजराला काय मिळणार? उंदीर, पाली, कोंबडीवाल्याची आतडी. म्हणून मावशी बोलल्या त्यात निर्दयपणा नाही, हिशेब आहे.

तिसरी आणि माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. दर सुट्टीत एक तरी गाडी येते, डिकीतून गोणी निघते आणि गोणीतून मांजर. "इथे मासे आहेत, मजेत राहील." कधी गळ्यात पट्टा असतो. घरात कोरडं खाणं खाऊन वाढलेलं ते मांजर धक्क्यावर आठवडा काढत नाही, जागेवरची मांजरं त्याला उभं राहू देत नाहीत. मागच्या वर्षी एक पांढरं लांब केसांचं होतं. केसांच्या गाठी, त्यात मासळीचं पाणी. ते कसं संपलं ते इथे लिहीत नाही.

चौथं, घाईचं. मे अखेरीस होड्या वर ओढून शाकारतात. वर ताडपत्री, झावळ्या, सगळं बांधून टाकतात. पिल्लं आत राहिली तर आतच राहतील. कुठली होडी ते मला सांगा.

पाणकणीस:

निळी, नाळेवर पांढरा पट्टा, इंजिन काढलेली. फोटो व्यनिमध्ये (खासगी निरोपात) पाठवला. तुमच्या प्रतिसादाने जीव भांड्यात पडला आणि पुन्हा वर आला.

कलम_कसाई:

मांजर सोडून जाणाऱ्यांबद्दल. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. गाडीच्या नंबरसकट फोटो काढा, पोलिसात अर्ज द्या. शिक्षेचं मात्र विचारू नका: पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० चे रुपये, २०२० च्या दशकातले गुन्हे. कोणी जनावराला ठार मारलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तो मार्ग वजनदार.

मीठभाकर:

पन्नास रुपये! मांडव्याला त्यात वडापाव-चहा होत नाही.

टिटवी:

सगळे भावुक झालेत म्हणून वाईटपणा मी घेते. मी पक्षी बघते आणि किनाऱ्यावर वाळूत घरटी करणारे पक्षी मांजर-कुत्र्यांनी कसे साफ होतात ते पाहिलंय. टिटवी, चिखल्या यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूतून उचलून कुंपणात का न्यावी लागतात? माणसांसोबत कुत्रे-कोल्हेही उकरतात म्हणून. तुम्ही दोन महिने धक्क्यावर खाणं टाकलंत की आणखी मांजरं जमणार, पुढच्या वर्षी दुप्पट. दया करायची तर पूर्ण करा, नाहीतर निसर्गाला करू द्या.

भरली_वांगी:

निसर्ग काय, गळ निसर्गाने टाकला होता का?

टिटवी:

गळ टाकणाऱ्यांची बाजू मी घेतलीच नाही. तंगूस पक्ष्यांच्या पायातही अडकतो, मी स्वतः बगळ्याच्या पायातून कापून काढलाय. माझं म्हणणं एवढंच, खाणं टाकणं आणि नसबंदी यात नसबंदी आधी.

गुरांचा_डॉक्टर:

टिटवी यांचं म्हणणं बरोबर आहे, मांजरप्रेमींनी रागावू नये. खाणं हे पकडायचं साधन म्हणून वापरा. रोज एका वेळी, एका जागी, किनाऱ्यापासून आत, आणि उरलेलं उचलून न्यायचं. मांजरांना वेळेची सवय लागली की पिंजऱ्यात येतात.

फुजिसावा_मुक्काम:

मी जपानात, एनोशिमा बेटाच्या समोरच राहतो. बेटावर देवळाच्या पायऱ्यांवर, मासळीच्या हॉटेलांपाशी मांजरं असतात आणि लोक खास ती बघायला येतात. पण इथेही बेटावर मांजरं आणून सोडणारे महाभाग होतेच. आता धक्क्यावर, बागेत जे मांजर दिसतं त्याच्या कानाच्या टोकाला बहुतेक वेळा व्ही आकाराची खाच असते. त्याला "साकुरा नेको" म्हणतात, कारण कान चेरीच्या पाकळीसारखा दिसतो. साधारणपणे नराचा उजवा कान, मादीचा डावा. लांबूनच कळतं की याची नसबंदी झालेली आहे, पुन्हा पकडायला नको.

एहिमेमधलं आओशिमा तर "मांजरांचं बेट" म्हणून जगभर गाजलं. तिथे माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, तीही म्हातारी. खाऊ घालणारे गेल्यावर मांजरांचं काय, हा प्रश्न आला आणि २०१८ मध्ये बेटावरच्या मांजरांची सरसकट नसबंदी करायची मोहीम झाली. पर्यटक फोटो काढून संध्याकाळच्या बोटीने परत जातात. मागे राहतात त्या आजीबाई आणि मांजरं. कोर्लईच्या मावशी वाचताना त्याच आठवल्या.

मांद्रेची_माई:

आमच्या गोंयात हेच दर जूनला. मेच्या अखेरीला शॅक मोडतात, लाकडं-झावळ्या गाडीत भरतात, पोरं आपापल्या गावी जातात. सहा महिने पर्यटकांच्या ताटातली कोलंबी खाऊन गुबगुबीत झालेली मांजरं रिकाम्या रेतीवर. मग ती आमच्या वाड्यावर येतात. माझ्या ओसरीवर दर पावसाळ्यात नवं तोंड असतं. मी आता शॅकवाल्यांशी मार्चमध्येच भांडते: मांजर ठेवायचं असेल तर ऑपरेशन करून ठेव, खर्च निम्मा माझा. दोघा-तिघांनी ऐकलं. बाकीचे "व्हय माई" म्हणतात आणि शिंकं तुटायची वाट बघतात.

पाणकणीसबाय, पिल्लं मुंबईला नेऊ नका गो. फ्लॅटात चार पिल्लं, मग दोन खपतात, दोन राहतात, मग शेजारी. गावातच घरं बघा.

हिरवा_चाफा:

+१ माई. शिवाय इतक्या लहान पिल्लांना आईपासून तोडलं तर दर तीन-चार तासांनी पाजावं लागतं, ऊब द्यावी लागते, शी-शूसुद्धा ओल्या कापसाने पुसून करवावी लागते. मी केलंय, नोकरी सांभाळून होत नाही. आई धडधाकट असताना तिच्याइतकं चांगलं कोणी करत नाही.

मुंबईत ज्यांना उपचार हवे असतील त्यांच्यासाठी: परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं रुग्णालय, आहेच. मुंबईत महापालिकेचा मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रमही आहे, वॉर्ड ऑफिसात विचारा. रायगडात तसं काही मला दिसलं नाही, तिथे तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा खासगी डॉक्टर. १९६२ या नंबरवर फिरतं पशुवैद्यकीय पथक असतं, पण ते गुरांच्या धावपळीत असतात, मांजराचं नाव काढल्यावर पलीकडे थोडी शांतता पसरते.

खाडीपलीकडचा:

निळी होडी पाहिली. आत जाळी, बोये, एक मेलेला खेकडा. पिल्लं नाहीत.

पाणकणीस:

म्हणजे??

खाडीपलीकडचा:

घाबरू नका. माणसांनी हात लावला म्हणून हलवली असणार, मांजर सात घरं फिरवते पिल्लांना. मावशींना विचारलं. बर्फाच्या खोपीमागे भाताच्या पेंढ्यात नेलीत, चारही आहेत. तिचा ओठ बरा आहे, काल माझ्यासमोर अख्खी मांदेली चावून खाल्ली. होडीपेक्षा ही जागा बरी, तिथे कोणी ताडपत्री बांधणार नाही.

संपादक मंडळ:

दोन प्रतिसादांतले फोन क्रमांक आणि मावशींचा चेहरा दिसणारा एक फोटो काढून टाकला आहे. संपर्क व्यनिमधून करावा.

गुरांचा_डॉक्टर:

मोहीम ठरत असेल तर काही गोष्टी. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून मोठ्या मांजराला उपाशी ठेवायचं, म्हणून आदल्या संध्याकाळी पकडणं सोयीचं. पकडल्या पकडल्या पिंजऱ्यावर चादर टाका, अंधारात ती शांत होतात. एका पिंजऱ्यात एकच. डॉक्टरांना सांगून कानाचा शेंडा कापून घ्या, भुलीतच होतं, नाहीतर पुढच्या वर्षी तीच मांजर कोणीतरी पुन्हा फाडेल. दूध देणारी असेल तर कुशीतून टाका घालता येतो का विचारा, पोटावरचा टाका पिल्लं ओढतात. टाके विरघळणारे घ्या. बोके दुसऱ्या दिवशी सोडता येतात, माद्या जमल्यास आणखी एक रात्र ठेवा, कोरड्या जागी. पाऊस सुरू झाल्यावर हे करू नका, जखम ओली राहते. अलिबागच्या डॉक्टरांना रविवारी छळू नका, आधी वार ठरवून घ्या.

आणि बिस्किटं! धक्क्यावर पोरांनी टाकलेले बिस्किटांचे पुडे मी फोटोत पाहिले. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. ती बिस्किटं कावळ्यांची सोय.

पाणकणीस:

उशीर झाला कळवायला, पण कळवण्यासारखं आहे.

खाडीपलीकडचा आणि त्यांच्या वहिनींनी मावशींशी बोलून घेतलं. मला वाटलं होतं विरोध होईल. झाला तो वेगळाच. एक काकू म्हणाल्या, ऑपरेशन केलेलं मांजर आळशी होतं, उंदीर मारत नाही. दुसऱ्या मावशींनी परस्पर उत्तर दिलं की त्यांच्या माहेरी केलेली मांजर आहे, ती अजून उंदीर दारात आणून ठेवते. संपला वाद. डॉक्टरांनी आठवड्यातले मधले वार दिले आणि भटक्यांसाठी फी कमी केली. पिंजरे नणंदेच्या ओळखीतून पनवेलहून आले. आमिषाला मी महागडे परदेशी डबे नेले होते, त्याकडे एकीने ढुंकून पाहिलं नाही. वहिनींनी तव्यावर सुका बोंबील भाजून पिंजऱ्यात टाकला, तेव्हा रांग लागली.

तिरंगी, करडी आणि आणखी पाच माद्यांची नसबंदी झाली, दोन बोक्यांचीही. सगळ्यांच्या कानाचे शेंडे कापलेत. चारपैकी एक पिल्लू गेलं. डोळे चिकटले, खाणं सोडलं, डॉक्टरांकडे पोचेपर्यंत उशीर झाला होता. उरलेल्यांत एक मावशींनी ठेवलंय, दोन रेवदंड्याला एकाच घरात गेलीत. दोन्हींची ऑपरेशनं ऑक्टोबरात, घरमालकांकडून तसं कबूल करून घेतलंय.

पावसाच्या दोन महिन्यांसाठी कोरडं खाणं घट्ट झाकणाच्या पिंपात भरून बर्फाच्या खोपीत ठेवलंय, संध्याकाळी एकदा वहिनी घालतात. टिटवी, तुमच्या सांगण्यावरून जागा किनाऱ्यापासून आत, वस्तीत ठेवली आहे आणि उरलेलं उचलतात. पैशाचा हिशेब धाग्याच्या पहिल्या प्रतिसादात जोडते, ज्यांनी पाठवले त्यांनी बघून घ्या.

यजमानांचे सगळे डोस पूर्ण झाले. शेवटच्या इंजेक्शनला स्वतःहून गेले.

टिटवी:

हे आवडलं. जोडीला एक करा. खडकांवरचा तंगूस गोळा करायला एखादी सकाळ ठेवा, मी येते, माझे आणखी दोन पक्षीवाले घेऊन येते. जुन्या जाळ्याच्या तुकड्यांनाही हात लावू.

मांद्रेची_माई:

शाब्बास गो. भाजलेला बोंबील मी पण करून बघते, आमच्या बोक्यांना नुसतं सुंगटांचं वेड.

मीठभाकर:

तो पिवळा बोका, ज्याला करडीने दम दिला होता, तो दोघांत आहे का? माझा त्याच्यात जीव अडकलाय.

पाणकणीस:

नाही ना! तोच तेवढा सुटला. पिंजऱ्याच्या दारात बसून बोंबील पंजाने बाहेर ओढायचा आणि आम्हाला बघत खायचा.

गुरांचा_डॉक्टर:

आमिष पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला तारेने बांधा, नुसतं ठेवू नका. आणि एकटा बोका मोकळा आहे म्हणून निष्काळजी राहू नका, शेजारच्या वाडीच्या माद्या त्याला पुरतात.

खाडीपलीकडचा:

बोका काल माझ्या मेव्हण्याच्या शाकारलेल्या होडीखाली झोपला होता, कोरडी जागा बघून मुक्काम ठोकलाय. पावसाची उघडीप बघून पिंजरा घेऊन या. तार माझ्याकडे आहे. फक्त मंगळवारी नको, मंगळवारी वहिनी माहेरी असते आणि बोंबील भाजायला कोणी नाही.